गाडीत फोन तापतो तेव्हा: दोष कुठे शोधायचा आणि काय करायचं

तुमचा प्रश्न मला असा समजला. दिवसभर गाडी चालवता. फोन समोरच्या काचेला चिकटवलेल्या होल्डरमध्ये असतो, मॅप सतत चालू, फास्ट चार्जर जोडलेला. दुपारी फोन चटका बसेल इतका तापतो, स्क्रीन आपोआप अंधूक होते, चार्जर लावलेला असूनही टक्के उतरत जातात आणि शेवटी ‘फोन थंड होऊ द्या’ असा संदेश येतो. बॅटरी बदलून घेतली, फरक पडला नाही. आता कोणी म्हणतंय प्रोसेसर गेला, कोणी म्हणतंय फोन पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

फ्रिजचं आधी सांगतो, कारण ते करत असाल तर आजपासून बंद करा. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर बाहेर येताच पाण्याचे थेंब जमतात ना, तेच फोनच्या आत होतं. तो फ्रिजमध्ये असताना नाही, बाहेर काढल्यावर. थंड पडलेल्या सर्किट बोर्डवर हवेतली वाफ बसते. फोन वॉटरप्रूफ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती सोय बाहेरून येणारं पाणी अडवायला आहे, आत असलेल्या हवेतला दमटपणा ती कशी अडवणार? दुरुस्तीला आलेले असे फोन मी उघडले आहेत. पाण्यात कधीच पडला नाही असं मालक शपथेवर सांगतो आणि आत कनेक्टरवर हिरवट गंज असतो. फ्रीजर तर त्याहून वाईट. शून्याखाली गेलेल्या लिथियम बॅटरीला लगेच चार्जर लावला तर आत धातूरूप लिथियमचा थर साचू लागतो, आणि तो पुन्हा पुरता विरघळत नाही.

आता मूळ मुद्दा. तुमच्या वर्णनावरून तरी फोनचा प्रोसेसर ठणठणीत दिसतो. तापल्यावर स्क्रीन अंधूक करणं, चार्जिंग रोखणं, वेग कमी करणं हे फोन स्वतःला वाचवण्यासाठी करतो. त्याला जे शिकवलंय तेच तो करतोय. बिघाड असलाच तर फोन कुठे ठेवलाय त्या जागेत आहे.

जरा आकडेमोड करू. भर दुपारी सूर्याकडे तोंड करून धरलेल्या पृष्ठभागावर एका चौरस मीटरला साधारण १००० वॅट ऊर्जा पडते. आजचा मोठा फोन १६ सेंटिमीटर लांब आणि साडेसात सेंटिमीटर रुंद धरला तर त्याच्या वाट्याला सुमारे १२ वॅट येतात. गाडीची काच त्यातलं काही अडवते, ऊन तिरपं पडतं, थोडं परावर्तित होतं. तरी पाच-सहा वॅट आत मुरतात असं धरायला हरकत नाही. काळा फोन आणि काळं कव्हर असेल तर जास्तच. दुसऱ्या बाजूला खर्च बघा. फोनला पंखा नाही. हातात धरवेल इतपत गरम राहून तो सतत साधारण तीन ते पाच वॅट उष्णता बाहेर टाकू शकतो, आणि तेही भोवतालची हवा बऱ्यापैकी थंड असेल तर. म्हणजे मॅप उघडायच्या आधी, चार्जर लावायच्या आधी, नुसत्या उन्हानेच फोनचं ताट भरलेलं असतं. वरून तुम्ही स्क्रीनचे एक-दोन वॅट, चार्जिंगमध्ये वाया जाणारे दोनेक वॅट, जीपीएस आणि मोबाइल नेटवर्कची आणखी थोडी उष्णता वाढता. तो बिचारा कुठे टाकणार?

म्हणूनच ‘मॅपमुळे फोन तापतो’ हे अर्धवट खरं आहे. तोच मॅप, तीच ब्राइटनेस, फोन सावलीत आणि वाऱ्यावर असला की तासन्‌तास चालतो. पहिला आणि सगळ्यात मोठा उपाय त्यामुळे एकच: होल्डर काचेवरून काढा.

काचेला लागून असलेली जागा गाडीतली सगळ्यात वाईट जागा आहे. थेट ऊन, वर काच, खाली तापलेला डॅशबोर्ड, आणि एसीचा वारा तिथे पोचेपर्यंत कोमट झालेला. त्याऐवजी एसी व्हेंटच्या पट्ट्यांना अडकणारा होल्डर घ्या. तिथे फोन डॅशबोर्डच्या कडेखाली येतो, ऊन बरंचसं चुकतं आणि पाठीवर सतत थंड वारा लागतो. वाहती हवा नुसत्या स्थिर हवेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता ओढून नेते. फुंकर मारून चहा निवतो, तेच तत्त्व. एसीच्या वाऱ्याने फोनमध्ये पाणी साचेल का, असं मला बरेचजण विचारतात. एसीतून येणारी हवा आतल्या थंड नळ्यांच्या कॉइलवरून जाताना आपला ओलावा तिथेच टाकून येते, ती कोरडी असते. चालू, गरम फोनला ती लागली तर काही होत नाही. उलट हिवाळ्यात हीटर लावाल तेव्हा त्याच व्हेंटमधून गरम झोत येईल, तेव्हा मात्र ते व्हेंट बंद करा किंवा फोन दुसरीकडे न्या. हे लोक विसरतात आणि थंडीत फोन तापतो म्हणून चक्रावतात.

व्हेंटवरचा होल्डर निवडताना मागून झाकणारं सपाट ताट असलेला घेऊ नका. वारा फोनच्या पाठीला लागलाच नाही तर सगळी मेहनत फुकट. नुसत्या कडा पकडणारा चिमटा बरा. व्हेंटच्या पट्ट्या नाजूक असतात, जड फोन असेल तर खालून आधार देणारा प्रकार बघा.

दुसरी गोष्ट चार्जिंग. चार्ज होताना बॅटरी आणि चार्जिंगचं सर्किट, दोन्ही तापतात, आणि जितका प्रवाह जास्त तितकी उष्णता जास्त. फास्ट चार्जिंग थंड खोलीत टेबलावर ठीक आहे. तापलेल्या गाडीत ते फोनला दोन्ही बाजूंनी भाजण्यासारखं आहे. आणि गंमत म्हणजे तापलेला फोन तो वेग घेतच नाही, स्वतःच कमी करतो. म्हणजे ताप मिळतो, चार्ज मिळत नाही. तुमचे टक्के चार्जर लावूनही उतरतात ते यामुळेच. साधा, कमी वॅटचा चार्जर वापरा किंवा सेटिंगमध्ये फास्ट चार्जिंग बंद करा. रात्री किंवा सकाळी निघण्याआधी चार्ज करून घ्या, वाटेत नुसती पातळी टिकवायची. काही फोनमध्ये बॅटरीला वगळून थेट चार्जरवर फोन चालवण्याची सोय आली आहे. तुमच्यात असेल तर अशा वापरासाठी ती अगदी योग्य.

वायरलेस चार्जिंगचा होल्डर मात्र कृपा करून घेऊ नका. त्यात साधारण पाव भाग ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते आणि तीही नेमकी फोनच्या पाठीला चिकटून. दिसायला छान, उन्हाळ्यात निरुपयोगी.

स्क्रीनबद्दल. उन्हात ऑटो ब्राइटनेस स्क्रीनची चमक शेवटच्या टोकाला नेते, काही फोनमध्ये नेहमीच्या कमाल मर्यादेच्याही वर. फोन सावलीत आणला की ती आपोआप उतरते, त्यामुळे होल्डर हलवण्याचा इथेही फायदा. लांबचा सरळ रस्ता असेल तर स्क्रीन बंद करून नुसती आवाजाची दिशादर्शन सूचना ऐका. वळण आलं की तो बोलतोच. त्या भागाचा मॅप आधी ऑफलाइन उतरवून ठेवा. नेटवर्क अशक्त असलेल्या भागात फोन टॉवर शोधायला जोर लावतो आणि त्यानेही तापतो. अशा ठिकाणी ५जी बंद करून ४जीवर ठेवलं तर फरक जाणवतो. हॉटस्पॉट चालू ठेवून मागच्या सीटवर कोणी व्हिडिओ बघत असेल, तर पहिला संशयित सापडला समजा.

गाडीला फोनची स्क्रीन दाखवणारा मोठा डिस्प्ले असेल तर सगळ्यात उत्तम. वायरने जोडा, फोनची स्वतःची स्क्रीन बंद करा आणि फोन खालच्या खणात, सावलीत ठेवा. बिनतारी जोडलं तर वायफाय सतत चालतं आणि फोन जास्त तापतो, म्हणून उन्हाळ्यात वायरच बरी. फक्त तो खण झाकणाचा आणि बंदिस्त नको.

कव्हर काढा. जाड रबरी कव्हर, कातडी पाकीट, त्यात खोचलेली कार्डं, हे सगळं फोनला स्वेटर घातल्यासारखं आहे. व्हेंटवर फोन असेल तर कव्हर काढल्याने वारा थेट पाठीला लागतो. फोन पडण्याची भीती असेल तर गाडीतून उतरताना पुन्हा घाला, दहा सेकंदांचं काम आहे.

इथवर चालत्या गाडीचं झालं. पण खरं सांगू का, माझ्या टेबलावर जे फोन कायमचे बिघडून येतात त्यांचं नुकसान बहुतेक वेळा चालत्या गाडीत झालेलं नसतं, उभ्या गाडीत झालेलं असतं. चालू फोन तापला की ओरडतो, बंद पडतो, तुम्ही काहीतरी करता. उभ्या गाडीत विसरलेला फोन गप्प भाजत राहतो.

गाडीची काच ऊन आत येऊ देते, पण तापलेल्या सीट आणि डॅशबोर्डमधून परत निघणारी उष्णता बाहेर जाऊ देत नाही. २००५ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी बंद गाडीतलं तापमान मोजून प्रसिद्ध केलं होतं. लहान मुलांच्या जिवाच्या काळजीतून केलेला तो अभ्यास होता. बाहेर २२ ते ३६ अंश सेल्सिअस असताना तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी खाली ठेवल्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. गाडी लावण्याआधी एसीने थंडगार केली होती, त्यानेही फक्त पाचेक मिनिटं उशीर झाला. म्हणजे ‘मी लगेच येतो’ आणि ‘काच फटीइतकी उघडी आहे’ या दोन्ही समजुती निकालात निघाल्या.

२०१८ साली ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी ३८ अंशांवरच्या उन्हाळ्यात गाड्या तासभर उभ्या करून मोजणी केली. उन्हातल्या गाडीत हवा सरासरी ४७ अंश, सीट ५१, स्टिअरिंग ५३ आणि डॅशबोर्ड ६९. सावलीतल्या गाडीत हवा ३८ आणि डॅशबोर्ड ४८. डॅशबोर्डचे हे दोन आकडे लक्षात ठेवा: ६९ आणि ४८. सावलीत गाडी लावली म्हणून फोनला धोका नाही असं होत नाही, पण मधलं अंतर प्रचंड आहे.

आता हे फोनच्या बाजूने बघा. ॲपल आणि सॅमसंग दोघंही आपले फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा असं सांगतात. बंद करून ठेवलेल्या आयफोनसाठी कमाल ४५ अंश दिले आहेत. ६९ हा आकडा त्याच्या किती पुढे आहे ते दिसतंच आहे.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे हे नीट पोचेल. मागची काच किंवा स्क्रीन काढायची असते तेव्हा आम्ही फोन हॉट प्लेटवर ठेवतो. साधारण ८० अंशांच्या आसपास कडेचा गोंद नरम पडतो आणि मग पातळ पत्ती घालून फोन उघडता येतो. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड म्हणजे जवळपास आमची हॉट प्लेटच, फरक इतकाच की आम्ही काही मिनिटं ठेवतो आणि तुमची गाडी तासन्‌तास. गोंद एकदम सुटत नाही, पण हळूहळू सैल होतो, कडेला केसाएवढी फट पडते आणि वॉटरप्रूफपणा गेलेला तुम्हाला कळतही नाही. कळतं ते पहिल्या पावसात.

बॅटरीचं नुकसान याहून निश्चित आहे. लिथियम-आयन बॅटरी वापरली नाही तरी नुसती पडून म्हातारी होते, आणि तो वेग दोन गोष्टींवर ठरतो: तापमान किती आणि ती किती भरलेली आहे. बॅटरीच्या जाणकारांमध्ये एक जुना तक्ता सांगितला जातो. २५ अंशांत वर्षभर ठेवलेली ४० टक्के भरलेली बॅटरी जवळपास ९६ टक्के क्षमता राखते; तीच १०० टक्के भरून ठेवली तर ८० टक्के. ४० अंशांत हे आकडे ८५ आणि ६५ होतात. ६० अंशांत पूर्ण भरलेली बॅटरी तीनच महिन्यांत ६० टक्क्यांवर येते. बॅटरीच्या रसायनानुसार हे आकडे मागेपुढे होतील, पण कल तोच. म्हणून गाडीत शंभर टक्के चार्ज झालेला फोन ठेवून जाणं हे दोन्ही बाजूंनी वाईट. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय आता बऱ्याच फोनमध्ये आहे, दिवसभर गाडीत असणाऱ्यांनी ती चालूच ठेवावी.

सोपं उत्तर अर्थात हेच की उतरताना फोन खिशात घाला. तरीही कधी ठेवावाच लागला तर पूर्ण बंद करा, नुसता लॉक नको. मग तो जमेल तितका खाली ठेवा: सीटखाली किंवा पायापाशी, जिथे ऊन पोचत नाही आणि तुलनेने हवा थंड असते. ग्लोव्ह बॉक्स डॅशबोर्डपेक्षा बरा, पण तो डॅशबोर्डच्याच आत आहे हे विसरू नका. तिथे चोरीपासून जास्त संरक्षण मिळतं, उष्णतेपासून थोडंच. बंद केलेला फोन जाड टॉवेलमध्ये गुंडाळला तर तो तापायला वेळ लागतो, अर्धा-पाऊण तास त्याने निभावतो. चालू फोन मात्र कधीही गुंडाळू नका, कारण मग त्याची स्वतःचीच उष्णता कोंडते. समोरच्या काचेला आतून चकचकीत सनशेड लावा. त्याने गाडीतली हवा काही थंड राहत नाही फारशी, पण डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग भाजत नाहीत, आणि परत आल्यावर गाडी लवकर निवते.

परत आलात की दारं उघडून एक-दोन मिनिटं गरम हवा बाहेर जाऊ द्या, काचा खाली करून थोडं चाला, मग काचा लावून एसी आतली हवा फिरवण्यावर टाका. फोनला तोवर चार्जर लावू नका. तापलेल्या बॅटरीत चार्ज ढकलणं हा सगळ्यात नुकसानकारक क्षण असतो. या बॅटऱ्यांसाठी चार्जिंगची नेहमीची वरची मर्यादा ४५ अंश मानली जाते.

चालताना तो संदेश आलाच तर: चार्जर काढा, कव्हर काढा, फोन बंद करा आणि एसीच्या वाऱ्यावर धरा. पाच-दहा मिनिटांत परत येतो. ओलं फडकं, बर्फाची पिशवी, यातलं काही नको. संदेश आलेला असतानाही आयफोनवर आपत्कालीन कॉलचं बटण राहतं, हे प्रवासात माहीत असलेलं बरं.

पॉवर बँकेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण ती गाडीत असणारच. तिला फोनपेक्षा जास्त जपा. फोनला जागोजागी तापमान मोजणारे सेन्सर आणि स्वतःला रोखायची अक्कल असते. स्वस्त पॉवर बँकेत यातलं बरंचसं नसतं, आणि आत बॅटरी मात्र फोनच्या दुप्पट-तिप्पट. ती गाडीत ठेवून जाऊ नका, बस्स. जुना फोन डॅशकॅम म्हणून काचेला लावण्याची कल्पनाही याच कारणाने सोडून द्या. चांगल्या डॅशकॅममध्ये लिथियम बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (वीज साठवणारा, उष्णता जास्त सोसणारा भाग) टाकतात, ते उगाच नाही.

फोनची मागची काच उचलल्यासारखी वाटली, स्क्रीनच्या कडेला फट दिसली, टेबलावर ठेवलेला फोन डुगडुगायला लागला तर बॅटरी फुगली आहे. चार्ज करू नका, दाबून बसवायला जाऊ नका, टोचायला तर मुळीच नाही. बंद करून सरळ दुरुस्तीला द्या.

आता तुमच्या बदललेल्या बॅटरीबद्दल, कारण जागेखेरीज मला आणखी एक शंका तिथे आहे. बऱ्याच फोनमध्ये प्रोसेसरवरची उष्णता पसरवण्यासाठी काळी, कागदासारखी पातळ ग्रॅफाइटची पट्टी असते, मागच्या काचेला किंवा बोर्डच्या झाकणावर चिकटवलेली. फोन उघडताना ती फाटते किंवा निघते. घाईतला कारागीर ती परत लावत नाही, कारण तिच्याशिवायही फोन छान सुरू होतो. असा फोन घरात कळून येत नाही, गाडीत लगेच तापतो. ज्याने बॅटरी बदलली त्याला नेमकं हेच विचारा: ग्रॅफाइट शीट परत लावली होती का, आणि कडेला नवा गोंद भरला होता का? तो गोंधळला तर उत्तर मिळालं.

त्याआधी घरी एक चाचणी करा. सावलीत, पंख्याखाली, कव्हर आणि चार्जर काढून अर्धा तास मॅप चालवा. फोन कोमट राहिला तर होल्डर व्हेंटवर हलवा आणि पैसे खर्च करू नका. तिथेही चटका बसत असेल तर सेटिंगमध्ये बॅटरीचा वापर उघडून एखादं ॲप मागे सतत चालतंय का ते बघा. तसं काहीच नसेल तर फोन उघडून बघावा लागेल.